ज्या वर्गात मत दिले, त्या वर्गाची चौकशी कोणी केली?

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या मतदानाचा दिवस. आमच्या वसाहतीचे मतदान केंद्र नेहमीप्रमाणे महानगरपालिकेच्या शाळेत होते. रांग पहिलीच्या वर्गाबाहेर लागली होती. आमच्या पुढे उभ्या असलेल्या मावशींनी आत डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, "इथं माझा नातू बसतो. पंखा अजून बंदच हाय बघा."

रांगेतले दोघेतिघे हसले. मावशी आत गेल्या, बोटाला शाई लावून बाहेर आल्या. आम्हीही मत दिले आणि घरी आलो.

घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. त्याआधी दोन-तीन आठवडे वसाहतीत सभा झाल्या, रिक्षांवरून भोंगे फिरले, पत्रके वाटली गेली. पुनर्विकासावर बोलणे झाले, पाण्यावर झाले, बहिणींच्या खात्यात पडणाऱ्या पैशांवर झाले. शाळेवर कोणी बोलल्याचे आम्हाला तरी आठवत नाही. उमेदवारांना दोष देणे सोपे आहे. पण आम्ही विचारले होते का? आम्ही कार्यकर्ते म्हणवतो, दर रविवारी विहारात जातो, जयंतीला शिक्षणावर भाषण करतो. आम्हीही विचारले नव्हते.

हा लेख त्या बंद पंख्यापासून सुरू झाला.

पासबुक घेऊन आलेले जोडपे

आम्ही कारकून माणूस. बी. कॉम. झालेले. त्यामुळे वसाहतीत कोणाला फॉर्म भरायचा असला, अर्ज लिहायचा असला की लोक आमच्याकडे येतात. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस एक जोडपे असेच आले. नवरा एका कंपनीत कंत्राटी सफाई कामगार, बायको चार घरी धुणीभांडी करणारी. मुलगी पहिलीत जायची होती.

"जयभीम भाऊ," त्या ताई म्हणाल्या. "बचतगटातून कर्ज काढतेय. पोरीला इंग्लिश मीडियममध्ये टाकायचं. तुम्ही फक्त जामीन राहा."

आम्ही जामीन राहण्याआधी वही काढली. हिशेब मांडण्याची आमची सवयच आहे. शाळेची फी महिना १,८०० रुपये, म्हणजे वर्षाचे २१,६००. व्हॅनचे महिना ९०० प्रमाणे दहा महिन्यांचे ९,०००. गणवेश, बूट, पुस्तके ७,०००. तीही शाळेतूनच घ्यायची. घरात कोणाला इंग्रजी येत नाही म्हणून शिकवणी लावावी लागणार, तिचे ८,४००. एकूण ४६,००० रुपये. शिवाय पहिल्या वर्षी 'इमारत निधी' म्हणून १५,०००. त्याची पावती मिळणार नाही, असे त्यांना आधीच सांगितले होते.

दोघांची मिळून महिन्याची कमाई २२,०००. म्हणजे पहिल्या वर्षी जवळजवळ तीन महिन्यांची कमाई आणि पुढे दरवर्षी दोन महिन्यांहून अधिक कमाई एका मुलीच्या शाळेला. घरात दुसरे लेकरू तीन वर्षांचे.

आकडा बघून नवरा गप्प झाला. ताई म्हणाल्या, "भाऊ, आम्ही नाही शिकलो. पोरीला तरी नको का?"

या प्रश्नाला 'नको' असे उत्तर देणारा माणूस आमच्या समाजात जन्माला यायचा आहे. ताईंचे काही चुकत नव्हते. इंग्रजीची ओढ ही हौस नव्हे. ज्या कचेऱ्यांत आणि कोर्टांत आपले भवितव्य ठरते, तिथे कोणती भाषा चालते हे आपल्याला ठाऊक आहे. प्रश्न एवढाच होता की, ४६,००० देऊन ताईंना नेमके काय मिळणार आहे हे त्यांना कोणी सांगितले होते का?

आम्ही दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर त्या शाळेत गेलो. कचेरीत मान्यतेचा कागद मागितला. बरीच टाळाटाळ झाल्यावर कळले की, मान्यता चौथीपर्यंतचीच आहे आणि वर्ग आठवीपर्यंत भरतात. पाचवीनंतरचा दाखला कोणाच्या नावावर निघतो, याचे सरळ उत्तर मिळाले नाही. शिक्षिकांचे शिक्षण किती, हे विचारल्यावर आम्हाला बाहेरची खुर्ची दाखवण्यात आली.

फॉर्ममधून गायब झालेल्या शाळा

मग आम्ही दुसरा मार्ग धरला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातील किमान २५ टक्के जागा परिसरातील वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांना द्यायच्या आणि त्या मुलांना आठवीपर्यंत मोफत शिकवायचे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना यातून सूट आहे. आपल्या राज्यात अनुसूचित जातीच्या पालकांना यासाठी उत्पन्नाची अट नाही. जातीचा दाखला, जन्मदाखला आणि राहण्याचा पुरावा लागतो. अर्ज ऑनलाइन आणि निवड सोडतीने.

आम्ही फॉर्म उघडला आणि चक्रावलो. घराजवळच्या खासगी इंग्रजी शाळा यादीत दिसेनात. पालिकेच्या आणि अनुदानित शाळाच तेवढ्या दिसत होत्या. चौकशी केल्यावर कळले की, फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला होता. ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांच्या अटीतून वगळले होते. मुंबईसारख्या शहरात एक किलोमीटरच्या आत पालिकेची शाळा नाही अशी जागा किती? म्हणजे कायदा कागदावर राहिला आणि दार बंद झाले.

काही पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. मे २०२४ मध्ये न्यायालयाने या बदलाला स्थगिती दिली. प्रवेशाची प्रक्रिया जुन्या नियमाने पुन्हा सुरू झाली. जुलै २०२४ मध्ये तो बदलच रद्दबातल ठरला.

वाचकहो, या तारखा नीट पाहा. फेब्रुवारीत नियम बदलला आणि २० मे रोजी मुंबईत लोकसभेचे मतदान झाले. मधल्या तीन महिन्यांत आपल्या वसाहतीत किती जणांना या नियमाची खबर होती? आम्हाला स्वतःला ती फॉर्म भरायला बसल्यावर लागली. ज्यांना खबर होती ते कोर्टात गेले, म्हणून आपल्या लेकरांचा हक्क वाचला. दरवेळी कोणी तरी कोर्टात जाईल या भरवशावर किती दिवस राहायचे?

ताईंच्या मुलीचे नाव सोडतीत आले नाही. निकाल जुलैत लागला. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता आणि मुलगी पालिकेच्या शाळेत पहिलीत बसली होती. कर्ज मात्र काढले नाही.

आमच्या हातून सुटलेली फाईल

इथे आम्हाला आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला बरे वाटत नाही.

आम्ही स्वतः पालिकेच्या मराठी शाळेत शिकलो. आमचे वडील गोदीत हमाल होते. त्यांना लिहिता येत नव्हते, तरी महिन्यातून एकदा कामावरून येता येता ते शाळेत डोकावत आणि गुरुजींना विचारत, "आमचा अभ्यास करतो का?" असे विचारणारे बाप तेव्हा पुष्कळ होते.

२०१३ साली आमच्या मुलाची पहिली आली. नोकरी पक्की होती. आम्ही त्याला खासगी शाळेत घातले. त्याच दोनचार वर्षांत वसाहतीतले बसचे कंडक्टर, बँकेतले शिपाई, सरकारी कचेऱ्यांतले आमच्यासारखे कारकून, सगळ्यांनी तेच केले. कोणी वाईट हेतूने केले नाही. ज्याने त्याने आपल्या लेकराचे पाहिले.

पण त्याचा एक परिणाम झाला, तो आम्हाला फार उशिरा कळला. शाळेतून नुसती मुले गेली नाहीत. अर्ज लिहू शकणारे, वॉर्ड ऑफिसात जाऊन टेबलावर हात ठेवून उभे राहू शकणारे पालकही गेले. मागे राहिली ती नाक्यावरच्या मजुरांची, कचरा वेचणाऱ्या बायांची, नुकत्याच गावाहून आलेल्या कुटुंबांची मुले. त्यांच्या आईबापांचा एक दिवस बुडाला तर त्या दिवशी चूल पेटत नाही. ते कधी जाणार साहेबाला भेटायला?

पाण्याची टाकी साफ होईना, कोणी लिहिले नाही. शिक्षक निवृत्त झाले, जागा भरली नाही, कोणी विचारले नाही. पट घसरला. मग एका जूनमध्ये मराठीचे वरचे वर्ग मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत हलवण्यात आले. रस्ता ओलांडायचा म्हणून सातवीतल्या काही मुली घरीच राहिल्या. त्यांतली एक आमच्या चाळीतली. आज ती दोन मुलांची आई आहे.

ती मुलगी दिसली की आम्हाला मान खाली घालावी लागते. आम्ही मुलाला दुसऱ्या शाळेत घातले, हा आमचा गुन्हा नव्हे. पण शाळा बदलताना आम्ही आमची शाळाही सोडली. ती आमच्या पैशावर चालते, आमच्या मतावर चालते, हे विसरलो. २०२४-२५ या वर्षाचे मुंबई महापालिकेचे शिक्षणाचे अंदाजपत्रक सुमारे साडेतीन हजार कोटी रुपयांचे होते. तो पैसा आपल्याच करातला. आणि त्यातून एक पंखा चालू होत नसेल, तर जाब कोणी विचारायचा?

शाळा आणि मत: एकाच लढ्याची दोन अंगे

आपल्या पूर्वसूरींनी या दोन गोष्टी कधी वेगळ्या मानल्या नाहीत. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले, तेव्हा त्यांचा मुद्दा हिशेबाचाच होता. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. ते अर्थशास्त्राचे पंडित. त्यांनी सरकारचीच वही सरकारपुढे उघडली. शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च होतात आणि दारूच्या करापोटी त्याच माणसाकडून दोन रुपयांहून अधिक वसूल होतात, हे त्यांनी दाखवून दिले. प्राथमिक शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी जेमतेम अठरा चौथीपर्यंत पोचतात, हेही सांगितले. शिक्षण खाते हे देवघेवीच्या बाजारासारखे चालवण्याचे खाते नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. स्वतः बाबासाहेब साताऱ्याच्या आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलसारख्या सरकारी शाळांत शिकले, हे आपण विसरता कामा नये.

पुढच्याच वर्षी, १९२८ साली, सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. निरक्षर माणसाला मत कशाला, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. निरक्षर म्हणजे निर्बुद्ध नव्हे, ही बाबासाहेबांची भूमिका होती. ज्याला शाळेत जाऊ दिले नाही, त्यालाच शाळा नाही म्हणून मत नाकारायचे, हा दुहेरी अन्याय त्यांना मान्य नव्हता. १९५१ च्या जनगणनेत देशातले साक्षर शंभरात अठराच्या आसपास होते. तरी १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक लोकांना मताचा अधिकार होता. एवढा मोठा विश्वास संविधानाने तुमच्याआमच्या आजा-आजींवर टाकला.

तेव्हा जाणता मतदार म्हणजे पदवीधर मतदार नव्हे. ज्याला आपल्या मुलाच्या वर्गात काय कमी आहे ते ठाऊक आहे आणि ते कोणाला विचारायचे हेही ठाऊक आहे, तो जाणता मतदार. बंद पंखा पाहणाऱ्या त्या मावशी अंगठा उठवतात. पण रांगेत त्यांच्याइतके जाणते त्या दिवशी कोणी नव्हते. त्यांना फक्त कोणाला विचारायचे ते ठाऊक नव्हते. आम्हाला ते ठाऊक होते आणि आम्ही गप्प होतो.

मावशींचा एक प्रश्न

त्यानंतर आम्ही मावशींना घेऊन शाळेत गेलो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारांपैकी तीन सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा करणे, अनुदान कसे खर्च झाले ते पाहणे, ही तिची कामे. अनेक ठिकाणी मुख्याध्यापक ओळखीच्या पालकांची सही घेऊन समिती पुरी करतात. आमच्या शाळेतही बहुतेक तसेच होते.

नव्या समितीत मावशी नातवाच्या पालक म्हणून आल्या आणि पहिलीतल्या मुलीच्या त्या ताईही आल्या. पहिल्याच बैठकीत मावशींनी विचारले, "सर, पंखा राहू द्या. सातवीला गणित कोण शिकवतं?"

कोणीच शिकवत नव्हते. जागा रिकामी होती. आम्ही माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज केला. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, ते आले. उत्तराची प्रत जोडून समितीच्या ठरावासह वॉर्डात अर्ज दिला. तिथल्या कारकुनाने, आमच्यासारख्याच, आम्हाला खरे ते सांगितले: "भाऊ, नगरसेवक असते तर एका फोनचं काम होतं."

मुंबईच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही. कारभार प्रशासकाकडे होता. राज्यातल्या बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदांची तीच गत झाली. आपल्या मुलांच्या प्राथमिक शाळा चालवतात त्याच या संस्था! इतकी वर्षे मत देण्याचा हक्क टांगणीला लागला आणि आपल्या वस्त्यांतून त्याबद्दल एक मोर्चा निघाल्याचे आम्ही ऐकले नाही.

चार खेपा घालाव्या लागल्या. पण गणिताचे सर आले. पंखाही फिरू लागला. क्रांती झाली असे आम्ही म्हणत नाही. ग्रंथालयाचे कपाट अजून कुलूपबंद आहे.

शाळा निवडण्यापूर्वी

मुलाला कुठे घालावे, हे आम्ही कोणाला सांगणार नाही. खासगी शाळेत घालणाऱ्याला नावे ठेवण्याचा आम्हाला अधिकारही नाही. पण पैसे भरण्याआधी एवढे जरूर करा.

१. शाळेची मान्यता कोणत्या इयत्तेपर्यंत आहे, तो कागद डोळ्यांनी पाहा. शाळेचा यू-डायस क्रमांक मागा. विनामान्यता शाळा चालवणे कायद्याने गुन्हा आहे.

२. प्रवेशासाठी देणगी घेणे आणि मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेणे, दोन्हींना कलम १३ प्रमाणे बंदी आहे. पावती न देणाऱ्याला पैसे देऊ नका.

३. पहिल्या वर्षाचा नव्हे, आठ वर्षांचा खर्च मांडा. मुलगा आणि मुलगी दोघांनाही तीच शाळा परवडणार आहे का, ते पाहा. मुलगा खासगी शाळेत आणि मुलगी पालिकेच्या, असा हिशेब आपल्या घरात होता कामा नये.

४. पालिकेच्या शाळेत एकदा स्वतः जाऊन या. मुंबई महापालिका आठ भाषांच्या माध्यमांतून शाळा चालवते. इंग्रजी माध्यमाच्याही आहेत. न पाहता 'ती शाळा वाईट' म्हणू नका.

५. २५ टक्क्यांच्या प्रवेशाचे वेळापत्रक विहाराच्या फलकावर लावा. दाखले आदल्या दिवाळीतच काढून ठेवा.

मत मागायला आलेल्याला

आणि दारात मत मागायला कोणी आले की त्याला खुर्ची द्या, पाणी द्या आणि तीन प्रश्न विचारा. आमच्या शाळेत शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत? गेल्या पाच वर्षांत तुम्ही त्या शाळेत किती वेळा गेलात? २५ टक्क्यांचा नियम बदलला तेव्हा तुम्ही काय बोललात? उत्तर वहीत लिहून ठेवा, तारीख घाला. त्याचे प्रतिज्ञापत्रही वाचा. उमेदवाराचे शिक्षण, मालमत्ता आणि त्याच्यावरचे खटले त्यात लिहिलेले असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे ते आता सर्वांना पाहता येते. महिला मंडळाने एका रविवारी ते मोठ्याने वाचून दाखवावे, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याही कानावर पडेल.

शाळा निवडण्याचा हक्क मोठा आहे. पण पालिकेची शाळा धड नसेल तर ती निवड राहत नाही, ती नाइलाजाने भरलेली फी होते. आणि पालिकेची शाळा धड ठेवण्याचे बळ आपल्या मतात आहे. जो आपले मूल तिथून काढतो, त्याच्यावरही ती जबाबदारी उरतेच.

पुढच्या मतदानाला आपण पुन्हा त्याच वर्गाबाहेर रांगेत उभे राहू. तेव्हा आत डोकावून पाहा. फळा पाहा, बाके पाहा, पंखा पाहा. मग आत जा आणि मत द्या.

जयभीम!